बोडीतला मांडव

चुलबंद नदीवर तेव्हा एकही पूल नव्हता, आणि पलीकडच्या गावी जायचं तर नाव चालवणाऱ्या आणि मासे धरणाऱ्या ढिवराला हाक मारावी लागे, तेव्हाची ही गोष्ट. नेमकी किती वर्षं झाली ते कुणी सांगत नाही. पळसटोलीतल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर ते म्हणतात, आमच्या आजाच्या आजानं भागरताला पाहिलं होतं. त्यांच्या आजांना विचारलं असतं तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

पळसटोली हे वैनगंगेच्या खोऱ्यातलं धानाचं गाव. गावाला लागून एक बोडी होती. बोडी म्हणजे लहानसा तलाव, एकाच घराच्या मालकीचा. पाळ बांधून पावसाचं पाणी अडवायचं आणि खालच्या धानाला सोडायचं. ही बोडी डोमाजी मालगुजाराची. पाणी त्याचं, पाळ त्याची. बोडीतली मासोळी मात्र ढिवरांनी धरायची आणि मालकाचा वाटा त्याच्या घरी पोचवायचा, असा जुना रिवाज होता. पाळीच्या कडेला ढिवरांची घरं होती. त्यातल्या एका घरात उरकुडा राहायचा, त्याची बायको भागरता आणि त्यांची मुलगी रेवंता.

उरकुडा जाळं फेकायला उभा राहिला की लोक हातातलं काम सोडून पाहत. असं म्हणतात, त्याचं जाळं हवेत उघडलं की खाली पाण्यावर जी सावली पडायची ती पुनवेच्या चंद्रासारखी गोल असायची. त्याला एकच दुःख होतं. बोडीच्या पोटात जुन्या झाडांचे खुंट होते. बोडी बांधली तेव्हा तिथलं रान पाण्याखाली गेलं होतं, त्या रानाचे हे खुंट. जाळं त्यांत अडकायचं आणि फाटायचं. धरलेली मासोळी बाजारात जायची आणि ढिवर घरोघरी जाळी शिवत बसायचे.

एका उन्हाळ्यात बोडीचं पाणी अगदी खाली गेलं, तेव्हा उरकुडानं सगळ्या ढिवरांना गोळा केलं. डोमाजीनं आपले बैल दिले. साखळ्या लावून एकेक खुंट उपटला. कुणी बोरीची झुडपं तोडली, कुणी पाणगवत ओढून काढलं. बोडीचा तळ सारवलेल्या अंगणासारखा स्वच्छ झाला. त्या दिवशी पाळीवर पंगत बसली आणि डोमाजीनं स्वतःच्या हातानं उरकुडाला फेटा बांधला.

त्या वर्षी जाळं तुपातून सरकावं तसं सरकलं. मासोळी इतकी निघाली की आजूबाजूच्या सगळ्या बाजारांत पळसटोलीचं नाव झालं. दुसऱ्या वर्षी ती कमी निघाली. तिसऱ्या वर्षी त्याहून कमी. मग असं एक वर्ष आलं की जाळं जसं रिकामं खाली जायचं तसंच रिकामं वर यायचं.

मग लोक कारणं शोधायला लागले. कुणी म्हणालं, पाण्याला नजर लागली. कुणी म्हणालं, पाळीवरच्या मायेला, म्हणजे देवीला, द्यायचा कोंबडा चुकला. शेजारच्या गावच्या ढिवरांनी काही करून ठेवलं असंही बोललं गेलं. बोडीवर पाणकावळे मात्र वाढत चालले होते. त्यांना मासा शोधावा लागत नव्हता, कारण उघड्या तळावर पिल्लांना लपायला जागाच उरली नव्हती. हे सगळ्यांना दिसत होतं, पण खुंटांची आठवण कुणालाच झाली नाही. ज्या कामाचा फेटा डोक्याला बांधून घेतला, त्या कामात चूक शोधायला कोण जाईल?

डोमाजी व्यवहारी माणूस होता, वाईट नव्हता. त्यानं ढिवरांना बोलावलं आणि सांगितलं की ज्या पाण्यात मासा नाही ते राखण्यात अर्थ नाही. धानाला वरच्या मोठ्या तलावाचं पाणी पुरतं. पुढच्या होळीनंतर पाळ फोडायची आणि बोडीच्या गाळात धान लावायचं.

ढिवर परतले. पाळ फुटली की त्यांना गाव सोडावं लागणार होतं. ढिवराला शेत नसतं. कुठल्या तरी अनोळखी काठावर जाऊन दुसऱ्यांच्या पाण्यात उतरायची परवानगी मागत फिरायचं, एवढंच उरलं होतं. उरकुडा म्हणाला, पोरीचं लग्न तरी आपल्या दारात होऊन जाऊ दे. रेवंताची सोयरीक आधीच जुळली होती. वैशाखातला मुहूर्त धरला.

दारात मांडव घातला. साल झाडाचे खांब, आडवे बांबू, वर जांभळाच्या हिरव्या डहाळ्या आणि मधोमध मुहूर्तमेढ. बायकांनी जात्यावर हळद दळली. ती हळद रेवंताला लागली नाही. अंगात ताप भरला आणि लग्नाच्या आदल्या दिवशी ती गेली.

याबद्दल गोष्टीत यापेक्षा जास्त काही सांगत नाहीत. सांगणारा इथं थोडा थांबतो आणि पुढं जातो.

मांडव दारात उभाच राहिला. त्या मुलखात रीत अशी होती की ज्या मांडवाखाली लग्न लागलं नाही त्याचं लाकूड चुलीत घालायचं नाही, कुंपणाला लावायचं नाही, कुणाला द्यायचंही नाही. तो उभ्या जागी कुजायचा. लोक त्याला वळसा घालून जात. उरकुडा मागच्या दारानं ये-जा करू लागला. भागरताला मात्र अंगणात यावंच लागे, कारण चूल अंगणात होती. जांभळाची पानं सुकली आणि तिच्या चुलीवरच्या भाताच्या गंजात पडू लागली.

एका सकाळी ती उठली आणि तिनं मुहूर्तमेढ उपटली.

"काय करून राहिली तू?" उरकुडानं विचारलं.

"नेते याले."

"कुठी?"

"कुजाचंच हाय त याले, मंग पान्यात कुजू दे. कोनाले वळसा त घालाव नाही लागनार."

तिनं एकेक खांब खांद्यावर घेतला आणि बोडीकडे निघाली. शेजारणी आपापल्या दारांतून पाहत होत्या. मांडवाला हात लावायची भीती होती, आणि भागरताला एकटीनं ओझं वाहताना पाहणंही होत नव्हतं. शेवटी एकीनं येऊन खांबाचं मागचं टोक धरलं. मग सगळ्याच आल्या.

तो मांडव तिनं पाण्यात नुसता लोटून दिला असता तरी चाललं असतं. पण असं म्हणतात, भागरतानं आयुष्यात कुठलीही वस्तू फेकून दिली नव्हती, ती ठेवून द्यायची. उन्हाळ्यानं बोडीचं पाणी कमरेशी आलं होतं. तिनं मधल्या खोलगट भागात चिखलात खांब रोवले, दारात जसे होते अगदी तसेच. त्यांना बांबू बांधले आणि वर डहाळ्या पसरल्या. डहाळ्या तरंगायला लागल्या. तेव्हा ती घरी गेली, ज्या जात्यावर हळद दळली होती ते जातं घेऊन आली आणि अंबाडीच्या दोरानं डहाळ्यांना बांधलं. जात्याच्या खाचांत अजून पिवळं होतं. जातं बुडालं, त्याच्याबरोबर डहाळ्या खाली बसल्या आणि पाण्यावर थोडा वेळ हळदीचा रंग राहिला.

मृगाचं पाणी आलं, मग आर्द्राचं. बोडी भरली आणि मांडव दिसेनासा झाला. भागरता रोज सकाळी पाळीवर येऊन बसे. लोक म्हणत, तिचं डोकं फिरलं.

श्रावणातल्या एका उघडिपीला तिला मांडवाच्या जागी पाण्यावर काहीतरी लाल दिसलं. ओंजळभर कुंकू कुणी टाकावं तसं ते होतं आणि ते हलत होतं. तिनं डोळे पुसून पाहिलं. मरळीची पिल्लं होती ती. मरळ ही मासोळी आपली पिल्लं सोडून जात नाही. लाल पिल्लांचा पुंजका वर तरंगतो आणि खाली आईबाप राखण करतात. पाणकावळा वरून झेपावला तसा तो पुंजका क्षणात डहाळ्यांत शिरला. पाणकावळा रिकाम्या चोचीनं उठला आणि पिल्लं पुन्हा वर आली.

भागरतानं नवऱ्याला हाक मारली. उरकुडा धावत आला, त्यानं पाहिलं, आणि ढिवराच्या हातानं जे करावं तेच त्याच्या हातानं केलं. त्यानं खांद्यावरचं जाळं उतरवलं. खाली मरळ असणार, मोठी असणार. घरात कैक दिवस मासा शिजला नव्हता.

भागरतानं त्याचं मनगट धरलं.

"तिचे लेकरं हायेत वर," ती म्हणाली. "राहू दे तिले."

"घरात खायाले काय हाय?"

"आंबील हाय."

उरकुडानं जाळं खाली ठेवलं आणि तो मांडवाकडे पाहत बसला. असं म्हणतात, त्या दिवशी पाळीवर बसल्या बसल्या त्याला बोडीतला एकेक खुंट आठवला, कुठला कुठे होता आणि कुणी उपटला तेसुद्धा. घरी जाऊन त्यानं खुंटीवरचा फेटा काढला, त्याच्या चिंध्या केल्या आणि त्या चिंध्या वळून दोर केला. म्हणाला, घे, बांधायला कामी येईल.

मग नवरा-बायको गावभर फिरू लागले. कुणाचं मोडकं गाड्याचं चाक, कुणाच्या गळक्या घागरी, बुड गेलेल्या टोपल्या, तोडलेल्या बोरीच्या फांद्या, जे कुणाला नको होतं ते त्यांनी मागून आणलं. काटेरी फांद्यांचे भारे बांधले आणि दगड लावून डोंग्यातून, लाकूड कोरून केलेल्या लहान होडीतून, नेऊन सोडले. चाक आडवं ठेवून त्यावर टोपल्या उलट्या बांधल्या. घागरींची तोंडं खालच्या बाजूला तिरकी ठेवली, म्हणजे मागूर मासा आत शिरेल पण पक्ष्याची चोच शिरणार नाही. उरकुडाला बोडीचा तळ तळहातासारखा माहीत होता. त्यानं ही घरं ओळीनं लावली आणि दोन ओळींमध्ये रुंद वाट मोकळी सोडली, जाळ्यासाठी.

गावाला हसायला निमित्त मिळालं. विहिरीवर एक बाई म्हणाली, "भागरताच्या सोताच्या घरावर कवेलू नाही, अन मासोळीले बंगले बांधून देऊन राहिली."

भागरता घागर भरत म्हणाली, "पाहुना बसावा वाटत असन त आधी खाट टाका लागते बाई. उभ्यानं कोन थांबते?"

दुसऱ्या दिवशी त्याच बाईनं आपला फुटका रांजण आणून दिला. वर म्हणाली, याच्यात राहायला आलेली मासोळी भांडकुदळ निघाली तर मला दोष देऊ नको.

होळी झाली. धुळवडीचा रंग उतरायच्या आत डोमाजी कुदळवाले घेऊन पाळीवर आला. सगळे ढिवर जमले. भागरता पुढं झाली आणि म्हणाली की बोडीत मासा आला आहे, पाळ फोडू नका.

"मंग दाखव," डोमाजी म्हणाला.

इथं सगळे घोटाळ्यात पडले. उरकुडानं मोकळ्या वाटेत जाळं टाकलं, पण त्यात बारीकसारीक मासेच आले. मोठी मासोळी माणसांची गर्दी पाहून घरांत दडून बसली होती. तिला बाहेर काढायची तर मांडव उपटायला हवा होता. ढिवरांतलेच काही जण म्हणाले, एकदा उपटा, मालकाला दाखवा, पाळ तर वाचेल. पाळ वाचली तर मांडव पुन्हा बांधता येईल. उरकुडाही भागरताकडे पाहू लागला. पाळ फुटली तर गाव जाणार होतं आणि मांडव उपटला तर तिच्या लेकीचं तेवढं एक उरलेलं जाणार होतं. शिवाय पिल्लं अजून हाताएवढीही झाली नव्हती.

भागरता म्हणाली, "मांडव उपटाचा नाही. मालक, पाहुन्याले पाहाचं असन त त्याच्या घरी जा लागते. तुमी या पान्यात."

मालगुजाराला कुणी असं म्हणत नसे. पण डोमाजीला गंमत वाटली असावी, किंवा होळीची भांग अजून उतरली नसावी. तो धोतर खोचून छातीइतक्या पाण्यात उतरला. भागरतानं त्याचा हात धरून एका बुडालेल्या घागरीच्या तोंडाशी नेला. म्हणाली, घाला आत. डोमाजीनं कोपरापर्यंत हात घातला आणि पुढच्याच क्षणी अशी बोंब ठोकली की होळीलाही तशी कुणी ठोकली नव्हती. घागरीत मागूर होता. आणि मागूर आपल्या घरात शिरलेल्याला काटा मारल्याशिवाय सोडत नाही.

डोमाजी बोट धरून काठावर आला. बोट टरारून सुजलं होतं. कुदळवाले हसू दाबत दुसरीकडे पाहत होते. डोमाजीनं बोटाकडे पाहिलं, बोडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "घरमालक जागा हाय म्हनाचा." मग त्यानं कुदळवाल्यांना घरी पाठवलं आणि सांगितलं, दिवाळीपर्यंत थांबतो. दिवाळीला जाळं भरलं नाही तर मात्र पुन्हा हात घालायला येणार नाही.

त्या वर्षी जसा पाऊस झाला, तसा त्याआधी झाला नव्हता आणि नंतरही झाला नाही, असं म्हणतात. वरचा मोठा तलाव भरून वाहिला. आसपासच्या गावांतल्या बोड्या एकामागून एक काठोकाठ झाल्या आणि त्यांच्या सांडव्यांवरून मासोळी नदीकडे निघाली. वाहत्या पाण्याची चाहूल लागली की मासा थांबत नाही. शेतांच्या धुऱ्यांवरून आणि वाटांवरून मासे वाहत गेले. पळसटोलीच्या बोडीवरूनही पाणी चादरीसारखं जाऊ लागलं. ढिवर पाळीवर उभे होते. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. उरकुडा खाली बसला.

भागरता डोंगा घेऊन पाण्यात गेली. तिनं मांडवाच्या जागी डोंगा दोरानं बांधला आणि ती त्यात बसून राहिली. पाऊस इतका होता की काठावरून ती दिसत नव्हती. पण ऐकू येत होतं. ती हळदीची गाणी म्हणत होती. रेवंताच्या मांडवात जी म्हणायची राहून गेली होती, तीच सगळी, पहिल्यापासून. तिचा आवाज बसला तेव्हा पाळीवरच्या बायकांनी पुढची कडवी उचलली. त्यांचा बसला तेव्हा पुरुषांनी उचलली. पुरुष हळदीची गाणी म्हणत नाहीत, पण त्या दिवशी म्हणाले. पाऊस थांबेपर्यंत गाणं थांबलं नाही.

हळदीचा मांडव सोडून पाहुणा जात नाही. त्या पुरात सगळ्या मुलखाचा मासा वाहून गेला आणि पळसटोलीचा राहिला. इतकंच नाही, तर वरच्या तलावातून वाहत आलेली मासोळीसुद्धा इथं येऊन थांबली, असं म्हणतात.

दिवाळीला डोमाजी आला. उरकुडानं पाळीवर उभं राहून जाळं फेकलं. ते हवेत उघडलं, त्याची गोल सावली पाण्यावर पडली आणि दोन घरांच्या ओळींमधल्या मोकळ्या वाटेत जाळं उतरलं. ते ओढायला उरकुडा एकटा पुरला नाही. आधी ढिवर धावले, मग कुणबी धावले. शेवटी डोमाजीनंही दोराला हात लावला, मात्र ते बोट जपून. जाळं काठावर आलं तेव्हा सकाळच्या उन्हात डोळे दिपले. मरळी होत्या, मागूर होते, मांडीएवढे रोहू होते. आणि असं म्हणतात की एकेका माशाचं पोट हळदीसारखं पिवळं होतं.

डोमाजीनं आपल्या डोक्यावरचा फेटा सोडला आणि भागरतासमोर धरला. बाईला फेटा बांधायची रीत नव्हती, म्हणून कसा द्यावा हे त्याला कळेना. भागरतानं तो घेतला आणि उरकुडाकडे दिला.

"दोर वळा याचा," ती म्हणाली. "घरं आनखी बांधाची हायेत."

पुढं गावोगावचे ढिवर आणि बोड्यांचे मालक पळसटोलीला येऊ लागले. त्यांच्या बोड्या पुरानं रिकाम्या केल्या होत्या. भागरता मडक्यातून त्यांना मरळीची पिल्लं देई, पण आधी विचारी, घर बांधलं का? नसेल बांधलं तर माणूस जेवून रिकाम्या मडक्यानं परत जाई. आधी घर, मग जाळं, हे तिचं म्हणणं त्या मुलखात म्हण होऊन राहिलं.

भागरता कधी गेली, कशी गेली, हे कुणी सांगत नाही. बोडीचं जुनं नाव आता कुणाला आठवत नाही. तिला मांडवबोडी म्हणतात. पाळीवर भागरताचा ना पुतळा आहे, ना देऊळ. तिथं एक फुटका रांजण उलटा ठेवलेला आहे आणि बायका येता-जाता त्याला हात लावतात.

पळसटोलीत आजही लग्न लागलं की मांडव उतरवून घरी ठेवत नाहीत. पाठवणीच्या आधी नवरी मुहूर्तमेढेला हात लावते आणि सगळं गाव मांडव उचलून बोडीवर नेतं. त्या दिवशी जाळं टाकत नाहीत. हळद दळली की पहिली चिमूट नवरीला लावत नाहीत. ती बोडीच्या पाण्यात सोडतात आणि म्हणतात, ही रेवंताची.

आणि एखाद्या घरी मांडव घालून लग्न लागायचं राहिलं, तर त्या घराला तो मांडव डोळ्यांसमोर ठेवावा लागत नाही. न बोलावता गाव येतं. कुणी खांबाचं पुढचं टोक धरतं, कुणी मागचं. बायका गाणी म्हणतात, अर्ध्यावर सोडत नाहीत. पाण्यात खांब रोवले जातात, दारात जसे होते अगदी तसेच, आणि पुढच्या श्रावणात त्या जागी पाण्यावर ओंजळभर कुंकू हलताना दिसतं.